लोड आल्यावर

दुरुस्त झालेला जनरेटर गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी माझे मामा भिंतीला टेकवलेली एक फळी पुढे ओढत. तिच्यावर दोनशे वॉटचे बल्ब ओळीने बसवलेले, प्रत्येकाला वेगळं बटन, आणि टोकाला जुन्या शेगडीची कॉइल. दुकानात तिला लोडबोर्ड म्हणत. डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला, बाजारामागच्या गल्लीत मामांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. आत वार्निशचा वास आणि खिळ्यांना टांगलेली तांब्याच्या तारेची वेटोळी. बाहेर पत्र्याच्या पडवीत उघडून ठेवलेल्या मोटरी. इंजिन सुरू व्हायचं, पट्टा चढायचा, व्होल्टमीटरचा काटा २४० वर जाऊन उभा राहायचा. तो आकडा दिसला की गिऱ्हाईक खिशात हात घाले. मामा म्हणत, “थांबा शेठ, अजून त्याच्याकडून काही मागितलंच नाही.”

मग एकेक बटन खाली. पहिल्या बल्बाला काटा जेमतेम हले. तिसऱ्या-चौथ्याला इंजिनाचा आवाज किंचित बसे, आणि काटा दोन-चार घरं उतरून थांबे. शेवटी शेगडीची कॉइल लाल व्हायला लागली की खरी परीक्षा. चांगलं बांधकाम असलेला जनरेटर दहा-बारा व्होल्ट उतरून तिथे ठाम राही. वाईट बांधकामाचा काटा घसरत राही, पांढरे बल्ब पिवळे होत, पिवळ्याचे तांबूस. दोन्ही यंत्रांनी सुरुवातीला मीटरवर तोच २४० चा आकडा दाखवलेला असे.

हा फरक कुठून येतो, ते मला शिकवणारी पहिली जागा शाळा नव्हे, ती पडवी होती. जनित्राच्या आतली गुंडाळी हीही तारच असते. चुंबकाच्या क्षेत्रात ती फिरते किंवा तिच्याभोवती क्षेत्र फिरतं, आणि तिच्यात दाब तयार होतो. पुस्तकात त्याला विद्युतचालक बल म्हणतात. बाहेर काही जोडलेलं नसेल तर तो सगळाच्या सगळा टर्मिनलवर मोजता येतो. पण बाहेर बल्ब लागला, धारा वाहू लागली, की तीच धारा आतल्या गुंडाळीतूनही वाहते. आतल्या तारेला स्वतःचा रोध आहे. त्या रोधावर काही दाब खर्ची पडतो आणि उरलेला बाहेर येतो. समजा आतला दाब २४० व्होल्ट आणि आतला रोध १.२ ओहम. ५ अँपियरला बाहेर २३४ मिळतील, १० अँपियरला २२८. आणि विहिरीवरची मोटर सुरू होताना क्षणभर ३५ अँपियर ओढले, तर १९८. आतला दाब तसाच आहे, यंत्र तेच आहे. मागणी वाढली तसा आतला खर्च वाढला.

मामांचा सगळा धंदा त्या १.२ च्या आकड्यात होता. जळालेल्या स्टेटरमधली काळी पडलेली कॉइल छिन्नीने कापून काढायची, खाचा घासून साफ करायच्या, त्यांत फायबरचा कागद घालायचा, नव्या तारेचे वेढे मोजून बसवायचे, वरून बांबूच्या पट्ट्या ठोकायच्या आणि वार्निश पाजून मोठ्या बल्बाच्या उष्णतेवर वाळवायचं. यात चोरी करायची जागा एकच: तारेचं गेज. एक नंबर बारीक तार घातली तर वेढे तेवढेच बसतात, आतला दाब तेवढाच तयार होतो, तांबं मात्र वाचतं. बिनलोड मीटरवर ही चोरी कधीच पकडली जात नाही. बारीक तारेचा रोध जास्त, म्हणून ती लोड आल्यावर उघडी पडते. आणि ती तापते. तांब्याचा रोध दर अंशाला जवळपास ०.४ टक्क्याने वाढतो; गुंडाळी तीस अंशांवरून शंभरावर गेली की रोध पाव हिश्शाहून अधिक चढलेला असतो. म्हणून मामा लोडबोर्ड लावून पाच मिनिटांत बंद करत नसत. चहा मागवत, गिऱ्हाइकाला बसवून घेत. यंत्र पुरतं तापल्यावर काटा कुठे उभा आहे, तोच आकडा ते पावतीच्या मागे पेन्सिलने लिहून देत. त्या पावत्यांबद्दल मला आजही आदर वाटतो.

लहानपणी आमच्याकडे ट्रान्झिस्टरचे सेल संपत आले की उन्हात ठेवले जात. बऱ्याच घरांत ठेवत. मीटर लावला तर असा सेल सव्वा-दीड व्होल्टच्या मध्ये काहीतरी दाखवतो, ठीकच वाटतो. बॅटरीत घातला की बल्ब पेटत नाही. सेल जुना होताना त्याचा आतला रोध वाढत जातो, दाब तितका पडत नाही. ऊब लागली की आतली रासायनिक हालचाल थोडी सैल होते, रोध थोडा उतरतो आणि संध्याकाळच्या बातम्यांपुरता ट्रान्झिस्टर बोलतो. हे ज्यांनी शोधलं, त्यांनी ओहमचं नाव ऐकलेलं नव्हतं.

ओहमवर मात्र मला थोडं थांबायचं आहे. जॉर्ज ओहम जर्मनीतल्या कोलोन शहरात शाळेत गणित-विज्ञान शिकवत असे. त्याने वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेऊन धारा मोजायला सुरुवात केली तेव्हा त्याला त्रास दिला तो तारांनी नाही, सेलने. त्या काळच्या बॅटऱ्या वापरता वापरता बदलत; त्यांच्या पोटातला रोध चढउतार करी आणि सगळी मापं बिघडत. मग त्याने बॅटरी बाजूला ठेवली. बिस्मथ आणि तांबं यांचा जोड केला, एक टोक बर्फात, दुसरं उकळत्या पाण्यात. तापमान स्थिर, म्हणून दाबही स्थिर. १८२६ साली त्याने जे सूत्र मांडलं त्यात धारा बरोबर एक राशी भागिले दोन राशींची बेरीज. त्या बेरजेतली एक राशी बाहेरच्या तारेची, आणि दुसरी उरलेल्या मंडलाची, म्हणजे मुख्यतः उगमाच्या पोटातली. आपण शाळेत जो ओहमचा नियम तीन अक्षरांत शिकवतो, त्यातून ही दुसरी राशी गळून गेली आहे. मूळ मांडणीत ती पहिल्याच दिवसापासून होती. मी तलासरी भागातल्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवतो. नववी-दहावीला विद्युतधारा शिकवताना मी ही राशी परत फळ्यावर लिहितो. ती नसेल तर मुलांना त्यांच्या स्वतःच्या घरातला बल्ब समजत नाही.

ओहमनंतरची पन्नास वर्षं या राशीने मोठमोठ्या माणसांना चकवलं. सेंट पीटर्सबर्गच्या याकोबीने विजेच्या मोटरवर नेवा नदीत होडी चालवली होती. त्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो, की बाहेरचा रोध आतल्या रोधाइतका केला की उगमाकडून जास्तीत जास्त शक्ती मिळते. नियम खरा आहे. पण त्या अवस्थेत निम्मी शक्ती उगमाच्या पोटातच उष्णता होऊन जाते, आणि टर्मिनलवर दाबही निम्माच उरतो. अनेकांनी याचा अर्थ असा घेतला, की जनित्राची कार्यक्षमता पन्नास टक्क्यांपुढे जाऊच शकत नाही. १८७९ च्या सुमारास एडिसन आणि त्याचा गणिती सहकारी फ्रान्सिस अप्टन यांनी उलट्या बाजूने विचार केला: जास्तीत जास्त पिळून घ्यायचं नाही, वाया कमीत कमी घालवायचं. आतला रोध बाहेरच्या मानाने अगदी लहान ठेवायचा. त्यांच्या डायनॅमोत जाड तांबं आलं, बल्बाचा तंतू बारीक आणि जास्त रोधाचा झाला. शहरं विजेने उजळायला लागली ती या निर्णयानंतर. मला हा निर्णय दिव्याच्या शोधाइतकाच मोठा वाटतो, पण पाठ्यपुस्तकात त्याला एक ओळही मिळत नाही.

चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते. मुंबई-अहमदाबाद महामार्गापासून देऊळ जवळच, मागे मुसळ्या डोंगर. आदिवासी पाड्यांमधून, गुजरातमधून, पालघर-वसईकडून माणसं येतात. पंधरा दिवस रात्ररात्र दिवे असतात. मामांच्या हाताखालून गेलेले जनरेटर तिथे जात आणि त्यांच्यासोबत आम्ही पोरंही. आकाशपाळण्यामागे ट्रकवर डिझेलचा संच घरघरत असे, आणि तो चालवणाऱ्या माणसाचं लक्ष मीटरवर कमी, आवाजावर जास्त. त्याचा शिरस्ता ठरलेला: आधी पाळण्याची मोटर, मग बाकीच्या लहान मोटरी एकेक करून, सगळ्यांत शेवटी माळा आणि ॲम्प्लिफायर. मोटर थांबलेल्या अवस्थेतून उठताना चालू धारेच्या पाच ते सात पट धारा ओढते. त्या दोन-तीन सेकंदांत टर्मिनलचा दाब धाडकन बसतो. इंजिनाच्या नळीतून काळा धूर उठतो, कारण गती पडली हे ओळखून गव्हर्नर जास्त डिझेल सोडतो. दुसरीकडे एव्हीआर नावाची वहीएवढी पेटी टर्मिनलचा दाब पाहून चुंबकाची धारा वाढवते, म्हणजे आतला दाबच चढवून झालेला खर्च भरून काढते. दोघांनाही वेळ लागतो. तेवढ्यात माळा चालू असतील तर सगळी जत्रा एकदा मिचकते आणि भजनाचा माईक बंद पडतो.

उलटा प्रकार जास्त वाईट. पाळणा चालू असताना त्याचा फ्यूज उडाला की लोड एकदम सुटतो. आतला दाब अजून चढवलेलाच आहे, खर्च मात्र नाहीसा झाला. एव्हीआरने हात आवरेपर्यंत माळांवर तीनशेच्या जवळ व्होल्ट जाऊ शकतात. बल्ब पटापट उडतात. एका रात्री खेळण्यांच्या गाळ्यावरची अख्खी माळ अशी गेलेली मी पाहिली. गाळेवाली बाई जनरेटरवाल्याशी भांडली नाही. तिने कंदील काढला, कारण तो तिने आणलेलाच होता.

लोडाचं ओझं शेवटी कोणावर येतं, हे मला सायकलच्या डायनॅमोने समजावलं. घोलवडहून बोर्डीला समुद्राकाठच्या सुरूंमधून रात्री सायकलने जाताना डायनॅमो चाकाला टेकवला की पायांना लगेच कळायचं. दिवा पेटला की त्याची धारा गुंडाळीतून वाहते, तिचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं आणि ते फिरणाऱ्या चुंबकाला अडवतं. लेन्झचा नियम मी त्या रस्त्यावर मांडीच्या स्नायूंनी शिकलो. मोठ्या यंत्रात पायांचं हे काम पिस्टन किंवा वाफेचं चक्र करतं. जनित्रावर लोड वाढला, की कुठेतरी जास्त डिझेल, जास्त कोळसा, जास्त पाणी लागतं. त्याच क्षणी, हिशोब उधारीवर ठेवता येत नाही.

डहाणूच्या खाडीकाठी अशी दोन मोठी यंत्रं आहेत. प्रत्येकी २५० मेगावॉट, मिळून ५००. १९९५ पासून ती मुंबईच्या उपनगरांसाठी वीज तयार करतात; आधी बीएसईएस, मग रिलायन्स, २०१८ पासून अदानी असे मालक बदलत गेले. या केंद्राचा इतिहास डहाणूत राहणाऱ्याला विसरता येत नाही. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. चिकूच्या वाड्या आणि खाडीतली मासळी यांच्यासाठी स्थानिक माणसं कोर्टात गेली. १९९६ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि त्यातून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण उभं राहिलं. धुरातला गंधक समुद्राच्या पाण्याने धुऊन काढणारी यंत्रणा बरीच वर्षं भांडल्यावर, २००७ साली बसली. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. विजेच्या हिशोबात जो खर्च आत पडतो, तो उगमाच्या गावालाही पडतो, आणि तोही मोजला गेला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

एवढ्या मोठ्या जनित्रात तांब्याचा रोध एका ओहमच्या हजाराव्या भागाच्या आसपास उतरलेला असतो. धारा दहा हजार अँपियरच्या घरात असते, तरी त्या रोधावर जाणारा दाब पंधरा-सोळा हजार व्होल्टमध्ये जाणवत नाही. मग तिथे आतला विरोध नाहीच का? आहे, पण तो दुसऱ्या जातीचा. गुंडाळीतल्या धारेचं चुंबकत्व मुख्य चुंबकाला दाबून टाकतं. पूर्ण लोडावर हा परिणाम इतका मोठा असतो, की चुंबकाची धारा बिनलोडइतकीच ठेवली तर टर्मिनलचा दाब निम्म्याच्याही खाली जाईल. सायकलवर मांडीला जाणवलेली आणि पाळण्यामागे एव्हीआरने भरून काढलेली गोष्टच ही, फक्त प्रचंड आकारात. म्हणून तिथला नियंत्रक दिवसरात्र चुंबकाची धारा कमीजास्त करत असतो. मुंबईत संध्याकाळी दिवे, पंखे, एसी लागत जातात, तसतसा तो इकडे डहाणूत सरकत जातो.

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. डहाणूचं केंद्र मात्र मुख्य जाळ्यापासून सुटूनही चालू राहिलं. अत्यावश्यक सेवांना तिथून सुमारे ३८५ मेगावॉट मिळत असल्याचं वीज कंपनीने त्या दिवशी जाहीर केलं. असं बेट टिकवायचं तर झेपेल तेवढाच लोड ठेवावा लागतो. जास्त झाला की यंत्राची गती पडते, ५० हर्ट्झची फ्रीक्वेन्सी खाली येते, आणि रिले क्षणात काही भागांचे फीडर सोडून देतात. कोणाचा दिवा आधी जायचा, ही यादी आधीच ठरवलेली असते.

तलासरीच्या पाड्यांवरचा प्रश्न याहून साधा आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. मागच्या वर्षी नववीतल्या एका मुलीने विचारलं, “सर, भातगिरणी चालू झाली की आमचाच टीव्ही का बंद पडतो? रस्त्याजवळच्यांचा तर चालतो.” तिचं घर पाड्याच्या अगदी टोकाला. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, रस्त्यावर. डीपीपासून तिच्या घरापर्यंत सिंगल फेजची लाइन किलोमीटरभर. तलासरीतली घरं अशीच पसरलेली असतात: दोन घरं टेकाडावर, चार ओढ्यापलीकडे, प्रत्येकाच्या भोवती त्याचं शेत. मी तिला सूर्या प्रकल्पाच्या कालव्याची आठवण दिली. वरच्या शेतांनी पाणी घेतलं की टोकाच्या शेतात पोचेपर्यंत पाट बारीक होतो, हे तिने वाणगावकडच्या नातेवाइकांकडे पाहिलेलं होतं. पण पाट वाटेत गळतो आणि वरचे लोक पाणी काढून घेतात. तारेत धारा गळत नाही. जितकी धारा डीपीतून निघते तितकीच परत येते. कमी होतो तो दाब. हा फरक तिला स्वतःला काढता आला, आणि तिथून आमचं काम सुरू झालं.

टोकाच्या घराच्या नजरेने पाहिलं तर उगम म्हणजे केंद्रातलं यंत्र नाही. त्या घरासाठी उगम म्हणजे भिंतीतलं सॉकेट, आणि सॉकेटच्या मागे असलेलं सगळं, केंद्रापासून शेवटच्या खांबापर्यंतचं, हा त्या उगमाचा आतला रोध. लांबच्या लाइनवरची बारीक ॲल्युमिनियमची तार किलोमीटरला साधारण १.४ ओहम भरते. जायची आणि यायची मिळून २.८. गिरणीची दोन एचपीची मोटर दहा-अकरा अँपियर घेते. त्याच तारेवर बाकीच्या घरांचे सात-आठ. १९ गुणिले २.८ म्हणजे ५३ व्होल्ट तारेतच गेले. २३० मधून १७७ उरले. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी घरगुती दाबात सहा टक्क्यांपर्यंतच्या चढउताराला परवानगी दिली होती. इथे तो तेवीस टक्के आहे.

याचं एक विचित्र अंग आहे. जुना बल्ब दाबाबद्दल बोलायचा. दाब दहा टक्के उतरला की त्याचा उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी व्हायचा, आणि म्हातारी माणसं “होल्टेज नाही आज” म्हणायची. एलईडी दिव्यात आत बसवलेलं सर्किट दाब उतरला तरी उजेड सांभाळतं. शक्ती तेवढीच हवी, म्हणून कमी दाबावर ते जास्त धारा ओढतं, आणि जास्त धारेने तारेतला खर्च आणखी वाढतो. आता घरात उजेड ठीक असतो आणि पंखा मात्र मरगळलेला. मोटरीचे हाल सर्वांत वाईट. तिचा जोर दाबाच्या वर्गाप्रमाणे पडतो. १७७ व्होल्टला तो साठ टक्क्यांच्या आत आला. भात तर तेवढंच सडायचं आहे. मोटर गती गमावते, जास्त धारा घेते, तापते, आणि एक दिवस धूर सोडते. मग ती टेम्पोत घालून डहाणूला रिवाइंडिंगला जाते. मामांच्या पडवीत एप्रिल-मेमध्ये ज्या मोटरी रांग लावून पडत, त्यांच्यातल्या कितीतरी या तारांनी जाळलेल्या होत्या. मामांना ते माहीत होतं. तलासरीकडची मोटर आली की ते विचारत, “डीपीपासून घर किती खांब?”

आणि इथे एक हिशोब मला स्वस्थ बसू देत नाही. डहाणूच्या खाडीवरून ५०० मेगावॉट शंभरावर किलोमीटर दूर मुंबईला जातात. २२० केव्हीच्या दाबावर त्यासाठी दर फेजला एकूण साधारण १,३०० अँपियर पुरतात, आणि वाटेत जे जातं ते थोडंच. तीच शक्ती जनित्राच्या दाबावर न्यायची म्हटली तर १८,००० लागले असते. तारेतली उष्णता धारेच्या वर्गाने वाढते, म्हणजे तेवढ्याच तारांत जवळपास दोनशे पट. याच तालुक्याच्या शेजारी दोन एचपीची शक्ती एक किलोमीटर नीट पोचत नाही. विजेचा तुटवडा हे त्याचं कारण नाही. ती तिथे २३० व्होल्टवर एक किलोमीटर चालवली जाते, हे कारण आहे. ११ केव्हीची लाइन पाड्याच्या मध्यापर्यंत आणून तिथे लहान डीपी बसवली, तर त्याच शक्तीसाठी धारा अठ्ठेचाळीस पटीने कमी लागते. कृषिपंपांसाठी राज्यात उच्चदाब वितरण म्हणून हेच केलं गेलं आहे. तंत्र जुनं आहे, सिद्ध आहे. पाड्यावर घरं विरळ आहेत म्हणून ते परवडत नाही, असं कोणी म्हटलं तर मी जळालेल्या मोटरींचं तांबं त्याच्यासमोर मांडेन. तो खर्च होतोच आहे, फक्त तो टोकाच्या घरांच्या खिशातून होतो.

वर्गातल्या मुलांनी सॉकेटमध्ये खोचायचा छोटा डिजिटल मीटर घेऊन नोंदी सुरू केल्या. डीपीजवळच्या घरात, मधल्या घरात, टोकाच्या घरात. गिरणी बंद असताना आणि चालू असताना. डीपीजवळ आकडा जेमतेम हलला. टोकाला गिरणीच्या वेळी तो १८० च्या आसपास उतरला, आणि फळ्यावरचा हिशोब आणि वहीतला आकडा इतके जवळ आलेले पाहून वर्गात जो गोंगाट झाला, तो मी थांबवला नाही. मुलांनी तक्ता नीट आखला. ग्रामसभेत तो वाचला गेला, आणि डीपी पाड्यात आणावी या अर्जाला जोडला गेला. पाहणीला माणसं येऊन गेली. खांबांच्या जागा चुन्याने आखून झाल्या आहेत. एक खांब एका वरईच्या शेतातून जातो, त्या घराशी बोलणं चालू आहे.

डीपी बसल्यावर त्याच घरांत, त्याच वेळी, पुन्हा मोजायचं आहे. गिरणीवाला म्हणाला, सांगाल तेव्हा मोटर चालू करतो, एक चक्कर रिकामी फिरवू. ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता तिला हे मान्य झालं नाही. रिकामी गिरणी फारशी धारा घेत नाही, रीडिंग खोटं येईल, तिच्यात भात पाहिजे, असं तिने त्याला तिथेच सांगितलं. मग प्रत्येक घरातून पायली-पायली भात त्या संध्याकाळसाठी बाजूला काढायचं ठरलं आहे.